कांजिण्या कुणाकुणाला झाल्या होत्या?

चाकणच्या एका कंपनीत मी मेडिकल रूम सांभाळतो. पट्टी बांधून होईपर्यंत समोरचा माणूस गप्प बसूच शकत नाही, हे इतक्या वर्षांत कळलंय. बोट माझ्या हातात आणि तोंड मोकळं! असे किस्से साठत जातात. मोशीच्या खोलीवर मी एकटाच, तिथे ऐकायला कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

*

परभणीचा ज्ञानोबा प्रेस शॉपला. पत्र्याने अंगठा कापला म्हणून आला. मी धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं, तर हा हात मागे घेतोय!

“राव, मागं दिलं होतं की तुमी. ते कुठं गेलं?”

म्हटलं, “ते वाया जात नाही. रक्तातल्या पेशी शत्रूचा चेहरा लक्षात ठेवतात. पण फार दिवस झाले की आठवण करून द्यावी लागते.”

ज्ञानोबा विचारात पडला. “भारी हाय राव. सुपरवायझरला अजून माझं नाव पाठ न्हाई, अन् ह्यांना शत्रूचं थोबाड पाठ!”

*

प्लेटिंगचे कदम. आठ वर्षं निकेलच्या टाकीवर काम केलं, काही झालं नाही. नवव्या वर्षी मनगटाला खाज सुटली, मग बेल्टच्या बकलखाली पोटावर चट्टे, बकलातही निकेल असतंच! आमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. ते म्हणाले, “तुमच्या शरीराने निकेलला शत्रू ठरवलंय. आता ते विसरणार नाही.”

“अहो, पण आठ वर्षं गुण्यागोविंदाने नांदलो की आम्ही!”

“होतो कधीकधी शरीराचा असा गैरसमज.”

“मग माफी कुणाची मागायची?” कदमांनी अगदी मनापासून विचारलं.

त्यांचं डिपार्टमेंट बदललं. पँटला आता बेल्टऐवजी नाडी असते आणि ऑडिटच्या दिवशी ती झाकायला शर्ट बाहेर!

*

मग वेल्डिंगच्या दिगंबरला कांजिण्या झाल्या. पस्तिशीचा माणूस, हिंगोलीकडचा, बायकापोरं गावाला. खोलीत चार पार्टनर होते, ते संध्याकाळपर्यंत चार दिशांना पांगले. घरमालकीणबाई जुन्या गावातल्या. त्यांनी दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला आणि लांबूनच सांगितलं, “रोग म्हणायचं न्हाई. पाव्हणी आलीया म्हणायचं!”

“मग पाव्हणीला चहा तरी पाठवा!” दिगंबर आतून ओरडला.

चहा आला, पण उंबऱ्याबाहेर. पाहुणी घरात आणि यजमान एकटा.

*

डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी ज्यांना झाल्यात त्यांना सहसा परत होत नाहीत. बाकीच्यांनी लांब राहायचं, लस घ्यायची. एचआरने लगेच फॉर्म काढला. कांजिण्या झाल्या होत्या का? हो, नाही, माहीत नाही.

आता हे आठवतंय कुणाला? कॅन्टीनमध्ये अख्खी शिफ्ट घरी फोन लावून बसली. ज्ञानोबाने चुकून फोन स्पीकरवर टाकला.

“झाल्या की!” त्याची आई म्हणाली. “धा दिस नागडा बसून जिलबी मागत व्हतास!”

त्या दिवसापासून सुपरवायझरला ज्ञानोबाचं नाव पाठ झालं!

स्टोअरला दोघे सख्खे भाऊ आहेत. त्यांच्या आईने सांगितलं, “दोघांपैकी एकाला झाल्या होत्या.”

“कुणाला?”

“जो सारखा रडायचा त्याला.”

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी दोघांनाही लस!

*

फॉर्म माझ्याकडेही आला होता. माझे वडील आधीच गेले आणि मी चार वर्षांचा असताना आई गेली. पुढे थोडे दिवस चुलत्यांकडे आणि मग वसतिगृहात वाढलो. चुलत्यांना फोन लावला.

“कुणाला आठवणार रे आता?” ते म्हणाले, आणि त्यांच्या मुलाला आमच्या कंपनीत चिकटवता येईल का, ते विचारलं.

मी ‘माहीत नाही’वर खूण केली. चहूकडून “आई, मला...” “अगं आई...” चाललेलं. इतकं एकटं मला खोलीवरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

दिगंबरचा डबा मी उंबऱ्यावर ठेवून यायचो. तिसऱ्या दिवशी तो दाराआडून म्हणाला, “भाऊ, डबा नको. माणसाचं तोंड दाखवा.” आवाज तापाने बसला होता. मला आत जायचं होतं, पण माझंच खरं-खोटं माहीत नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “रक्त तपासा की. त्या रोगाशी लढून झालं असेल तर अँटीबॉडी सापडतील. लस तर तुम्ही घेतलेली नाही.”

रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. “झाल्यात तुम्हाला,” डॉक्टर म्हणाले. “रक्तात नोंद आहे.”

रोज लोकांचे रिपोर्ट बघतो मी. हा चारदा वाचला.

*

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर थेट दिगंबरकडे गेलो आणि दार उघडून आत शिरलो. तो गाल खाजवत आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता.

“कोन आलंय रे?” म्हातारी घाबरली. “त्याला झाल्या व्हत्या का?”

“झाल्या होत्या, मावशी,” मी म्हणालो. स्वतःच्या लहानपणाबद्दल एवढ्या खात्रीने मी कधीच काही सांगितलं नव्हतं.

“फोन जवळ धर. तोंड दाव बरं.”

मी दाखवलं. तिने डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. “भुवईपाशी वण हाय. त्यो कांजिणीचाच.”

मी तो कधीतरी पडल्याचा समजत होतो.

“एकच हाय. बाकी समदं तोंड साफ.” म्हातारी म्हणाली. “मंग लेकरा, तू खाजवू नयं म्हनून तुजी आई रातध्याड तुजे हात धरून बसली असंल बग.”

दिगंबरचा हात परत गालाकडे निघाला होता. मी तो धरला.