टाकीवरचा खळगा

वळसंगला गेलेला आपला लेक अजिंक्य परत येताना थोडा कमी होऊन येतो, ही काळजी सुकन्याच्या मनातून काही केल्या जात नव्हती. वजनानं कमी नव्हे. वजन तर थोरल्या जावेच्या, गोजाबाईच्या, भाकरी-शेंगाचटणीनं वाढलेलंच असायचं. पण सोलापूरच्या घरात आल्यावर तो पाहुण्यासारखा बसायचा. पाणी मागून घ्यायचा. आणि तिकडे गोजाबाईच्या चुलीपुढे मात्र न विचारता टोपलीतली भाकरी उचलायचा. सुकन्यानं हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता तर त्याच्या पुण्याच्या कंपनीनं काही महिने घरून काम करायची परवानगी दिली होती. घरून म्हणजे कुठल्या घरून, एवढाच प्रश्न होता.

"आप्पांची गाडी होण्यासारखी असेल तर वळसंगला राहतो," अजिंक्यनं सांगून टाकलं होतं. "दिवसा काम, संध्याकाळी गाडी. नाहीतर भंगारात देऊ, मी इथंच."

आप्पा म्हणजे सुकन्याचे थोरले दीर, भीमा. वळसंगच्या स्टँडजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगर, कुळव, गाड्यांचे आस, जे मोडेल ते जोडून द्यायचे. आणि त्यांच्या समोर काळा चष्मा लावून, सांडशीत लोखंड धरून बसायची ती त्यांची बायको गोजाबाई. उंच, काटक, आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडची शेळी माघारी वळावी. गावातली माणसं हसायची. "तुमची बायकू धरंल का? धरून दावा म्हनावं," एवढंच ती म्हणायची आणि पुन्हा चष्मा खाली ओढायची. तिनं धरलेला पत्रा हलत नसे. भीमाच्या कामाला जी सफाई होती, तिच्यातली निम्मी गोजाबाईच्या मनगटाची होती, हे सगळं गाव जाणून होतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. सुकन्याला मंगळवेढ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा अजिंक्य दीड वर्षांचा होता. नवरा कुमार पाळीच्या कामावर. तिची बदली सोलापूरला होईपर्यंत पोरगं वळसंगलाच वाढलं. गोजाबाईला तो 'आई' म्हणायचा आणि सुकन्याला 'सोलापूरची आई'. पुढे गोजाबाई 'मोठी आई' झाली, सुकन्या नुसती 'आई'. पण ते 'सोलापूरची' तिच्या अंगात काट्यासारखं राहिलं ते राहिलंच.

आणि ती गाडी! जुनी बुलेट लिलावात घेऊन भीमानं ती कापली, वाढवली, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल बसवलं. पेट्रोलची टाकी तर स्वतः पत्रा ठोकून केली, आणि तिच्या मधोमध एक खळगा पाडला, बरोबर लहान पोराच्या बुडाएवढा. लोक तिला भीमाचा रेडा म्हणायचे. दर शनिवारी सुकन्या मंगळवेढ्याहून घरी यायची; त्या खळग्यात बसून अजिंक्यही सोलापूरला यायचा आणि उतरताना टाकीला मिठी मारून रडायचा. माझं लेकरू माझ्या दारात येऊन रडतंय, हे सुकन्या कधी विसरली नाही. तो खळगा तिला कायम चोरीच्या मालासारखा वाटत आला.

भीमा गेल्यापासून गाडी उभीच होती. ठेवायची की मोडायची हे ठरवायला रविवारी तिघं निघाले: अजिंक्य, सुकन्या आणि सोलापुरातल्या सात रस्त्याजवळचा मेकॅनिक ईरप्पा. ईरप्पाचं नाव सुकन्यानंच सुचवलं होतं. त्याला जुन्याचा कंटाळा आणि नव्याची हौस, हे तिला ठाऊक होतं. कुमारनं बरोबर यायचं टाळलं. बायको आणि वहिनी एका अंगणात असल्या की आपण दुसऱ्या गावात असावं, हा त्याचा नियम होता.

गाडी गोजाबाईच्या शेळ्यांशेजारी, पत्र्याच्या आडोशाला झाकलेली होती. झाकण ओळखीचं वाटलं म्हणून सुकन्या जवळ गेली. मागच्या दिवाळीला तिनं गोजाबाईला दिलेली सोलापुरी चादर!

"अक्का, ही तुम्हाला पांघरायला दिली होती."

"मला वाकळ हाय की," गोजाबाई म्हणाली. "गाडीला कोन हाय?"

ईरप्पानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. किक दाबली, ती हलली नाही. स्पोका वाजवल्या. चेसीवर नख ओढलं. "इंजिन जाम हाय, पर सुटंल," तो म्हणाला. "चेसी झकास. वायरिंग सगळी उंदरानं खाल्लीया, ती नवी घालू." अजिंक्यचा चेहरा उजळला, सुकन्याचा उतरला. मग ईरप्पानं टाकीचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बोटाकडं बघतच राहिला.

"मावशी, ह्यात काय घातलंय?"

"ज्वारी."

"काय?"

"ज्वारी, ज्वारी! खंडेनवमीला पूजा करती. हळदकुकू लावती, नारळाचं पानी शिपडती. टाकी रिकामी. रिकामं भांडं पुजत्यात व्हय कुटं? म्हनून मूठभर घालती दरसाली."

ईरप्पा मटकन खाली बसला. अजिंक्य हसता हसता खांबाला टेकला. "मोठी आई, अगं तू पेरणी केलीस की टाकीत!"

"हस, हस. लक्षुमी हाय ती."

टाकी काढून उलटी केली. ओलीनं गोळा झालेली, किडकी, गंजानं लाल पडलेली ज्वारी भदाभदा खाली पडली. कोंबड्या धावत आल्या, एक-दोन चोची मारल्या आणि मागे सरल्या. ईरप्पानं टाकीच्या तळाला अंगठा लावला, तो पत्र्यातून आरपार गेला.

"झालं. फेका ही. नवी टाकी आनू, गाडी फस्क्लास हुईल."

"टाकी नाही तर गाडी कशाला?" अजिंक्यचं हसू गेलं होतं. "मग ती कुठलीही बुलेट झाली. दुसरा काही उपाय?"

"वरचा भाग ठिवून खालचा पत्रा कापायचा, नवा जोडायचा. पर हातानं पत्रा ठोकनारा मानूस पायजे. मला न्हाय जमत, आन् सोलापुरात असला कोन मला म्हाईत न्हाय."

सुकन्याला माहीत होता. मंगळवेढ्याचा कल्लप्पा. तिच्या शाळेची पाण्याची टाकी तळातून गेली तेव्हा त्यानंच खालचा पत्रा बदलला होता, वरचं शाळेचं नावसुद्धा न पुसता. त्याचा नंबर अजून तिच्या मोबाइलमध्ये होता. तिनं पदर सारखा केला आणि कोंबड्यांकडं बघत उभी राहिली.

"मग जाऊ दे," अजिंक्य म्हणाला. "देऊ भंगारात."

तो आणि ईरप्पा हात धुवायला हौदाकडे गेले. गोजाबाईनं टाकी उचलून ओट्यावर ठेवली, पदरानं पुसली.

"बरं वाटलं न्हवं?" ती म्हणाली.

"कसलं बरं, अक्का?"

"तोंड बग की तुजं. दिवाळी झालीया."

"काहीतरीच तुमचं."

"मला काय कळत न्हाय व्हय? मीबी तसलीच." गोजाबाईनं खळग्यावर तळवा ठेवला. "शनवार उजाडला की पोराचं एकच, सोलापूरच्या आईकडं चल. मागं बसवावं तर डोळा लागायचा. पडंल म्हनून ह्यांनी हे ठोकायला काढलं. मी म्हनलं, कशाला ठोकताय? सवय लागंल, मग रोज जातो म्हनंल. त्या दिशी म्या पत्रा धरलाच न्हाय. घरात जाऊन बसले. एकट्यानं ठोकला त्यांनी. म्हनून वाकडा झालाय, हे बग."

सुकन्यानं वाकून पाहिलं. खळगा खरोखरच डावीकडं कलला होता. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडं फक्त रागानं पाहिलं होतं, नीट कधी पाहिलंच नव्हतं.

"पण माझ्याकडं आल्यावर तर तो रडायचा," ती म्हणाली. आवाज तिलाच लहान पोरासारखा वाटला.

"सगळी वाट ह्यांच्या छातीला टेकून झोपायचं ते. झोपंतनं उठवल्यावर कुटलंबी पोर रडतंय की. तू परत येतानाची बोंब ऐकायला हुतीस कुटं? आयतवारी रात्री जेवायचं न्हाय माज्या हातनं. लई राग यायचा मला तुजा."

"आणि आता?"

"आतापन येतोय की," गोजाबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी सोलापूरच्या घरी अजिंक्यनं भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या सकाळी या, वळसंगला. हो, वजनावरच." मग तो टेबलाशी बसला. सुकन्यानं ठेवलेला चहा निवून गेला. "पाणी देतेस का, आई?" त्यानं विचारलं, पाहुण्यासारखं. तो आता काही महिने इथंच राहणार होता, तिच्या डोळ्यांपुढं, आणि आधीपेक्षाही कमी.

पाण्याचा तांब्या ठेवून ती गॅलरीत आली. मोबाइलमध्ये कल्लप्पाचं नाव शोधलं. त्याला काय सांगायचं ते मनाशी जुळवलं: तळाचा पत्रा नवा घाला, वरच्याला हात लावू नका, खळगा वाकडा आहे तो वाकडाच ठेवा, सरळ करायला जाल तर खबरदार.

गाडी झाली की पोरगं वळसंगलाच राहणार, हे तिला कळत होतं. भाकरी तिकडची, हसणं तिकडचं. पोटात जळायचं ते जळतच होतं. पण भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं की टाकी मंगळवेढ्याला न्यावी लागणार होती. एसटीत अजिंक्य ती मांडीवर घेऊन बसेल, शेजारी खिडकीशी ती. वाटेत तो टेकून झोपला तर झोपू दे. शेळ्या सोडून गोजाबाईला काही येता येणार नव्हतं.

सुकन्यानं कल्लप्पाला फोन लावला.