कार्डावरचं कुंकू

माझा पुतण्या नागपूरला एका कंपनीत आहे. कारखान्यांना आणि गोदामांना तो रेडिओ लहरींवर चालणाऱ्या ओळखपट्ट्या विकतो. कार्ड खिशातून काढावंही लागत नाही, माणूस दारातून गेला की आपोआप नोंद होते. परवा घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, आता लहान लहान राइस मिलवालेबी घेतीन. बाजार लय मोठा आहे. तुमी टाइमकीपर होते न, तुमाले तं पटनच." मी हो म्हटलं. खरं काय ते सांगायला बसलो असतो तर त्याची बस चुकली असती, आणि आताशा मला फार बोलवतही नाही. म्हणून लिहितो.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. वरठी स्टेशनापासून दोन-तीन मैलांवर लोखंड ओतायची एक लहान फाउंड्री होती. आता ती नाही. तिच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, मी लागलो. लाखांदूरकडच्या आमच्या गावात वडील तळ्याखालच्या शेतात धान लावत. घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हायस्कूलच्या मास्तरांनी फाउंड्रीच्या मॅनेजरसाहेबांना चिठ्ठी दिली नसती, तर ती डिग्री पेटीतच राहिली असती. दोघांचे उपकार मी आजही मानतो. पुढे ते उपकारच माझ्या आडवे आले, हेही खरं.

तिथे पूर्वी पितळी बिल्ले होते. फळ्यावरचा आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा आणि आत जायचं. पण हजेरी शेवटी फोरमन सांगेल तीच लागे, आणि ज्याच्या घरून फोरमनकडे कोंबडी जाई त्याचा खाडा कधी पडत नसे. म्हणून पंचिंग मशीन आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. यंत्राला कोंबडी लागत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरत असे. प्रत्येकाला महिन्याचं एक कार्ड. ते खाचेत घातलं की टण्ण आवाज होई आणि वेळ छापली जाई. विक्रेत्यानं मशीन सवलतीत दिलं होतं, ते आसपासच्या गिरणीवाल्यांना चालवून दाखवायचं या बोलीवर. तीन महिन्यांचा अहवाल लिहायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. त्या वर्षी परमनंट करायच्या माणसांची यादीही कार्डांवरूनच होणार होती. खाडा असला तर नाव नाही.

मोल्डिंगमध्ये, म्हणजे साचे भरायच्या खात्यात, आंबागडकडचा एक माणूस सहा वर्षं टेंपररी होता. बायकोला दमा होता. परमनंट झाला तर तिच्या औषधाचा खर्च फाउंड्री करणार होती. त्याला अक्षरओळख नव्हती. तरुणपणी जंगलात बांबू तोडताना आपला गठ्ठा ओळखता यावा म्हणून तो बांबूवर खाच पाडत असे, तशीच खाच त्यानं आपल्या बिल्ल्याच्या कडेला कानशीनं पाडली होती. कार्ड आल्यावर त्यानं नवा उपाय काढला. पहिल्या तारखेला कोणीतरी त्याला त्याचं कार्ड दाखवी. मग तो कपाळावरच्या कुंकवाच्या टिळ्यावर अंगठा टेकवून कार्डाच्या कोपऱ्यावर उमटवी. महिनाभर ती खूण पुरे. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. नवं मशीन लोकांना आपलं वाटावं म्हणून मी त्यालाही हार घातला, आणि उत्साहाच्या भरात रॅकमधल्या एकूण एक कार्डाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट लावलं. लोकांना ते आवडलं. त्याच दिवसापासून मोल्डिंगमधला दुसरा एक टेंपररी माणूस न सांगता बारा दिवस गावी गेला. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. पॅसेंजर गाडी रोज उशिरा येई, त्यामुळे आंबागडवाला सगळ्यांच्या शेवटी धावत यायचा. रॅकमधल्या मोल्डिंगच्या ओळीत तेव्हा दोनच कार्डं उरलेली असत, त्याचं आणि गावी गेलेल्याचं. दोन्हींवर कुंकू. तो वरचं उचलायचा.

महिना संपल्यावर मी कार्डं मोजून यादी केली आणि ती नागपूरच्या हेड ऑफिसला गेली. फळ्यावर तिची प्रत लागली, त्या दुपारी तो खिडकीशी आला.

"बाबू, माहं नाव काहून नाही जी?"

"काका, तुमचे बारा खाडे आहेत."

"कायचे खाडे? मज्याक करून राहिले का? या खिडकीवरूनच तं जातो रोज. राम राम घेता न तुमी माहा!"

खरंच घेत होतो. रोज त्याचा राम राम घेतला आणि महिनाअखेरीला त्याला गैरहजर मोजला. मी जुन्या कार्डांचा गठ्ठा सोडून टेबलावर पसरला. "यातलं तुमचं कोणतं?"

त्यानं काळ्या बोटानं एका कार्डावर टिचकी मारली. धान कापायला गेलेल्याचं ते कार्ड होतं. "हे काय, माहा टिका." मग त्याची नजर शेजारच्या कार्डावर गेली, मग त्याच्या शेजारच्या.

"सगळ्यायलेच लावलं का जी? कोनं लावलं?"

"मी."

त्यानं ते कार्ड परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "चांगल्यासाठीच लावलं असन."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तेही दिवसभराचे थकलेले होते. "यंत्र चुकलं का?"

"नाही साहेब, मी चुकलो."

"मग अहवालात यंत्र चुकलं नाही असंच जाईल. यादीची दुरुस्ती आज पाठवली तर हेड ऑफिस विचारेल, मशीन घेतलं कशाला? परवा मशीन बघायला पाहुणे येतायत. ते जाऊ देत, मग पाठव." थोडं थांबून म्हणाले, "आणि मास्तरांना विचारलं म्हणून सांग."

मी थांबलो. तुमसरकडचे दोन गिरणीवाले आले, चहा प्याले. मी कार्ड घालून टण्ण करून दाखवलं. त्यांच्यातला वयस्कर हसला. "माह्याकडं बारा मानसं हाय. कोन आला नाही ते मले खोकल्यावरून समजते. हे कायले घेऊ?" दुसऱ्यानं विचार करून कळवतो म्हटलं. कळवलं नाही.

दुरुस्ती मी चौथ्या दिवशी पाठवली. यादी मंजूर झाली आहे, पुढच्या वर्षी पाहू, असं उत्तर आलं. धान कापायला गेलेल्याच्या कार्डावर खाडा नव्हता, तो परमनंट झाला. तो पिशवीभर नवा तांदूळ घेऊन माझ्या खोलीवर आला. मी घेतला नाही, असं लिहायला आवडलं असतं. घेतला, शिजवला आणि खाल्लाही.

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंगमध्ये जाऊ लागलो. आंबागडवाल्याच्या कार्डावरचा नंबर सत्तावीस. साच्याच्या ओल्या रेतीत मी बोटानं काढून दाखवायचो, तो गिरवायचा. दोन सरळ आला. सात उलटा पडायचा, मग तोही जमला. सगळे मिळून चार दिवस लागले. त्याची बायको ते वर्षभर उधारीच्या गोळ्यांवर राहिली.

पुढच्या वर्षीच्या यादीत तो लागला. तोवर रेतीच्या धुळीनं मशीन बंद पडलं होतं, दुरुस्तीला माणूस आलाच नाही, आणि हजेरी पुन्हा फोरमनच्या वहीत गेली होती. आंबागडवाल्यानं फळ्यावर सत्तावीस स्वतः शोधला, दोनदा बोट फिरवून बघितलं आणि खिडकीशी आला.

"लागलं जी," एवढंच म्हणाला, आणि पाळीवर गेला.