काडीकाकांचा अर्धा तांब्या

काडीकाकांच्या कानावर कायम आगपेटीची एक काडी असायची, आणि बिडी-सिगारेट त्यांनी जन्मात ओढली नव्हती. मुलुंडच्या आमच्या चाळीत दिसेल त्या कुंडीत ते ती काडी खुपसायचे, विचारायचं वगैरे काही नाही. ओली निघाली तर पाणी नको, कोरडी निघाली तर द्या. "काडी सांगता तां ऐकूचां, मन सांगता तां नाय," असं वर बजावायचे. संपात गिरणी गेली, आता माणसाला दुसरा उद्योग काय, असं मी म्हणायची. मला ते आगाऊच वाटायचे, खोटं कशाला बोलू.

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ सुनील काविळीने गेला. त्याने जोगेश्वरीच्या मित्राकडून आणलेला वीतभर निवडुंग तेवढा मागे राहिला. आई रडली नाही. रोज आंघोळ झाली की अर्धा तांब्या तुळशीला घालायची आणि उरलेला अर्धा शेजारच्या निवडुंगाला. एक बाई तिला ऐकवून गेल्या, "काटेरी झाड दारात ठेवू नये हो, म्हणून असं होतं." आईने कुंडी हलवली नाही.

दोन महिन्यांत निवडुंग बुडाशी पिवळा, लिबलिबीत झाला. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी कीड बसली. मला दिसत होतं, पण आईला बोलायची माझी छाती झाली नाही. काकांनी काडी खुपसली. "वयनी, ही तुळस न्हय," म्हणाले आणि सुरी घेऊन आले. आईने त्यांचा हात धरला.

"माझ्या पोराचं आहे ते. कापू नका."

"कापलां नाय तर सगळां जातलां. वरचां अजून जित्तां आसा."

सडका बुंधा गेला. वरचा चांगला तुकडा काकांनी आपल्या खोलीत, सावलीत वर्तमानपत्रावर पंधरा दिवस सुकत ठेवला. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून कीड टिपायचं काम आईला दिलं. सुनील गेल्यापासून तुळशीपलीकडे न गेलेली माझी आई रोज दुपारी गॅलरीच्या टोकाला त्यांच्या खोलीत जाऊ लागली.

मग वाळू आणि विटांचे तुकडे घालून त्यांनी तो सुकलेला तुकडा आमच्या दारातल्या कुंडीत लावला. मुळं धरेपर्यंत पाणी बंद; पुढेही काडी पार कोरडी निघाली तरच, तेही काका स्वतः घालणार. आईला ते सोसेना. "उपाशी ठेवलंय हो त्याला," म्हणायची. एका सकाळी ती अर्धा तांब्या घेऊन कुंडीशी वाकलीच होती, तर काकांनी तो हातातून घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला. "माका तान लागलली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा दारात हजर. दीड वर्ष रोज हा माणूस आमच्या दारात तहानलेला असायचा. निवडुंगाला बाजूने मोहरीएवढा कोंब फुटला, तो त्यांनीच आईला दाखवला.

काका झोपेतच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तुळशीला पाणी घातलं आणि अर्धा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मग कुंडीत काडी खुपसली. ओली निघाली.

"आज नको," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडली. सुनील गेल्यापासून पहिल्यांदा.

बऱ्याच वेळाने तिने तांब्या माझ्यापुढे केला. मला तहान नव्हती. मी प्यायले.