शेड किती वर्षांची

काटेकाकांना उभ्या आयुष्यात कुणी अंदाज विचारला नव्हता. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यालगत असलेल्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. ट्रक काट्यावर उभा राहायचा, काचेमागचा आकडा स्थिरावायचा आणि काका तो पावतीवर उतरवायचे. "वीसेक किलो इकडेतिकडे करा की," असं ड्रायव्हर गळ घालायचे. काका मान वर न करता म्हणायचे, "ते माझ्या हातात नाही." असं करता करता त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि ते काटेकाका झाले. काकूंना या नावाचं हसू यायचं, कारण घरात या माणसाला चहात साखर किती घालायची हेसुद्धा विचारावं लागायचं.

काकू प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होत्या. नुकतं जन्मलेलं मूल हातात घेतलं की वजन सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि तराजू त्यांना फार तर पन्नास ग्रॅमने खोटं पाडायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या मोकळ्या तुकड्यात बाग केली. बाग वाढली तशी अवजारंही वाढली. फावडी, कुदळ, खताची पोती, गुंडाळलेला पाइप, रिकाम्या कुंड्यांच्या चळती, सगळं जिन्याखाली कोंबलेलं. एका सकाळी तिथून गवत कापायचं मशीन ओढताना काकूंचा पाय पाइपात अडकला आणि मनगट मोडलं.

दवाखान्यातून परत येताना काका म्हणाले, "आपण मागे शेड बांधून घेऊ."

काकू बऱ्या हाताने पिशवी सांभाळत म्हणाल्या, "बांधा. खर्चाचं तुम्हीच बघा, माझा हात अडकलाय."

इथून काकांच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. तिने फोनवर बजावलं, "बाबा, आधी बजेट ठरवा, मगच कुणाला बोलवा. नाहीतर लोक तोंडाला येईल तो आकडा सांगतात."

"बजेट म्हणजे ते सांगतील तीच किंमत ना?"

"नाही हो. बजेट आपण सांगायचं."

"मला किंमतच माहीत नाही, तर मी काय सांगू?"

"म्हणून तर ठरवायचं," मुलगी म्हणाली आणि तिला मीटिंग होती म्हणून तिने फोन ठेवला.

काका तयार शेड विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना एका पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं आणि विचारलं, "किती डोक्यात आहे तुमच्या?" काकांच्या डोक्यात त्या क्षणी काहीच नव्हतं. पंधरा हजारांपासून सुरुवात होती, आणि शेवट कुठे होता ते दुकानदारालाही ठाऊक नसावं. खिडकी हवी तर वेगळे, कडी हवी तर वेगळे. "कडी नसलेलं दार कोण घेतं?" काकांनी विचारलं. "घेतात काही जण," दुकानदार म्हणाला. काका माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन घरी आले, आणि जाताना होते त्याहून जास्त गोंधळलेले होते.

मग सुतार आला. माणूस शांत होता. त्याने टेप लावली, जमीन पायाने दाबून पाहिली आणि कानावरची पेन्सिल काढत विचारलं, "काका, शेड किती वर्षं टिकायला हवी?"

"म्हणजे?"

"साधं प्लायवूड लावलं तर पाच-सहा वर्षं. अठ्ठावीस हजारांत होईल. मुरवलेलं लाकूड घेतलं तर पंधरा वर्षं, पंचावन्न हजार. खाली पक्कं जोतं आणि चांगलं लाकूड हवं असेल तर एक लाख दहा. ती तीस वर्षं हलणार नाही. तुम्हाला किती वर्षांची हवी ते सांगा, मग पुढचं बघू."

काकांनी "कळवतो" म्हणून त्याला वाटेला लावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. आपलं वय सहासष्ट, तिचं त्रेसष्ट. सहा वर्षांची बांधावी तर बहात्तराव्या वर्षी पुन्हा सुतार बोलवावा लागणार. तीस वर्षांची बांधावी तर ती वापरणार कोण? आणि पंधराची घ्यावी, तर आपण दोघांनी आणखी पंधराच वर्षं धरून चालल्यासारखं होत होतं. ही वजाबाकी त्यांना जमेना. चार दिवस कागद खिशात घेऊन ते फिरले. सुताराचा फोन आला की बागेत जायचे, आणि बागेत गेले की ती मोकळी जागा पाहून परत आत यायचे.

पाचव्या दिवशी कपडे धुवायला टाकताना काकूंना तो कागद सापडला.

"अहो, शेडच्या हिशेबात माझं वय कशाला लिहिलंय?"

काकांनी खरं ते सांगितलं. काकू आधी हसल्या. मग प्लास्टरवर बोट फिरवू लागल्या.

"आतापर्यंत कुणी मला विचारलं का, मला कशी हवी ते?"

काकांना आठवेना. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

"दार रुंद हवं," काकू म्हणाल्या. "आणि उंबरठा नको. चाकावरचं काहीही असो, सरळ आत गेलं पाहिजे. बाकी पत्रा लावा नाहीतर सोनं लावा."

काकांच्या डोळ्यांसमोर माती वाहायची एकचाकी गाडी आली. मग दवाखान्यातली चाकांची खुर्ची आली. काकूंना नेमकी कुठली म्हणायची होती, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

सुतार पुन्हा आला. रुंद दार आणि उंबरठ्याऐवजी उतार म्हटल्यावर आधीचे तिन्ही आकडे बाद झाले. पेन्सिल कागदावर टेकवून तो म्हणाला, "काका, तुम्ही एक रक्कम सांगा. मी त्यात बसवतो."

"सदुसष्ट," काका म्हणाले.

हा आकडा कुठून आला ते त्यांना आजही सांगता येत नाही. सुतार लगेच "होईल" म्हणाला, तेव्हा आपण फार सांगितले असं काकांना वाटलं. मग त्याने कपाळ खाजवलं, तेव्हा फार कमी सांगितले असं वाटलं. जोतं पक्कं आणि छप्पर साधं, पत्रा सात-आठ वर्षांनी बदलायचा, असं ठरलं. म्हणजे शेड एकूण किती वर्षांची झाली? सुताराला विचारलं तर तो म्हणाला, "खालून तीस, वरून आठ."

काम अकरा दिवस चाललं आणि चार हजार जास्त लागले. ते काकूंनी आपल्या पेन्शनमधून काढून सुताराच्या हातावर ठेवले, काकांना न विचारता.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या रविवारी मुलगी आली. शेडमध्ये डोकावून म्हणाली, "बाबा, जरा मोठीच झाली की." त्याच दुपारी शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "आणखी हातभर मोठी करायची होतीत." काकांनी दोघांनाही मान डोलावली.

संध्याकाळी बघतात तर शेडचं दार लोटलेलं आणि आतून कुंड्या सरकवल्याचा आवाज. दार वाजवावं की तसंच आत जावं, हे न कळून काका उतारावर उभे राहिले.

"उघडंच आहे," काकू आतून म्हणाल्या. "आणि येताना ती झारी भरून आणा. अर्धीच, हं. हाताला जड होते."

काकांनी नळाखाली झारी धरली. अर्धी म्हणजे नेमकी कुठवर, हे ते आत वाकून बघत राहिले.