पोदेर आला तेव्हा

ती घटना आजही आठवते, असं लिहायचा आम्हा निवृत्तांचा रिवाज आहे. मी ती विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही.

तेव्हा मी गोव्यातल्या डिचोली भागात पोलीस तपास अधिकारी होतो. पाळीजवळच्या एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, एकट्या राहणाऱ्या आजींच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. रात्री झोपताना त्यांनी त्या कपाटात ठेवल्या होत्या. पहाटे सहाला त्या देवळात गेल्या, सातला परतल्या तर पाटल्या नाहीत. दार किंवा कुलूप काहीच तुटलेलं नव्हतं.

दुपारी ठाण्यावर निनावी फोन आला. शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर आजींकडे ये-जा करतो, त्याला विचारा. माणूस सिंधुदुर्गातला, बायको आणि लहान मुलीसह राहणारा. परका माणूस म्हटल्यावर आमचे कान लगेच टवकारतात, हे कबूल केलेलं बरं.

हवालदाराने शेजारणीचा जबाब घेतला. पोदेर आला तेव्हा हा ड्रायव्हर आजींच्या मागच्या दाराने बाहेर पडताना दिसला, असं तिने सांगितलं. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. मी पेडण्यातल्या कोरगावचा. आमच्या वाड्यावर पोदेर सकाळीच यायचा, साडेसहाच्या सुमाराला. जबाबाच्या समासात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘सकाळी ६.३०’. चोरी सहा ते सातच्या दरम्यानची, साक्षीदार समोर. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

ड्रायव्हरला अटक केली, कोठडी घेतली. दोन दिवस चौकशी चालली. तो एकच सांगत राहिला, “सायबानू, मी आदल्या दिसा सांजेक गेल्लंय. आजयेचो पंप बंद पडललो, तो बघूक.” आम्ही म्हणायचो, साक्षीदाराने सकाळी पाहिलंय. आजींना मी पंपाचं विचारलं. पंप त्यानेच दुरुस्त केला, असं त्या म्हणाल्या. तेव्हाच त्याने किल्ली हेरली असणार, असा अर्थ मी काढला. एकदा मनाने घेतलं की खरं बोलणंही पुरावाच वाटू लागतं.

पाटल्या काही मिळेनात. तिसऱ्या दिवशी कंटाळून पुन्हा वाड्यावर गेलो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. शेजारणीच्या अंगणात चहा घेत होतो, तेवढ्यात रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला. मी विचारलं, हा आत्ता कसा?

“दिसाक दोन फावटी येता,” ती म्हणाली. “सकाळीं येता तेन्ना हांव आनी आजी दोगीय देवळांत. हांवें सांगिल्ली ती आदल्या सांजेची गजाल. तुमी वेळ खंय विचारलो?”

खाणीच्या गेटवरची नोंदवही मागवली. चोरीच्या दिवशी ड्रायव्हर पहाटे साडेपाचला आत गेला होता आणि दुपारपर्यंत बाहेर आला नव्हता. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत झालं असतं असं हे काम होतं. पुढे फोन कुणी केला ते शोधलं. आजींचा पुतण्याच निघाला. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची. पाटल्याही त्याच्याकडेच सापडल्या.

तपासाच्या वर्गात शिकवतात की दोन विधानांच्या मधलं न लिहिलेलं विधान शोधा. मी ते तोंडपाठ केलं होतं. पण न लिहिलेलं विधान आपल्याच घरचं असलं की दिसत नाही. माझ्या गावचा पोदेर मी दुसऱ्याच्या जबाबात घुसवला होता.

सुटका झाल्यावर मी ड्रायव्हरला जीपमधून घरी सोडायला गेलो. सामान अंगणात काढून ठेवलेलं. बायको मुलीला घेऊन पेटीवर बसली होती. मी घरमालकाला समजावलं, हा निर्दोष आहे, खरा चोर मिळाला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तें खरें, सायबा,” तो शांतपणे म्हणाला. “पूण पोलीस मनशाक उगीच व्हरतात?”

त्याच्याही बोलण्यात एक विधान न लिहिलेलं होतं आणि ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘हो, नेतात, मीच नेला,’ एवढंच म्हणायचं होतं. अंगावर गणवेश होता. मी काही बोललो नाही. ड्रायव्हरने पेटी खांद्यावर घेतली आणि तिघं बसथांब्याकडे चालू लागली.