द्वारपालाचा कान

अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये एकनाथकाकांच्या दारात पाऊल टाकलं की आधी दटावणी मिळायची. "हात लावू नकोस. पॅटिना आहे तो."

तो म्हणजे कमरेएवढा, डोळे वटारलेला, पायाखाली राक्षस तुडवणारा ब्राँझचा चिनी द्वारपाल. कुठल्याशा जुन्या बौद्ध देवळाचा रखवालदार. काकांनी त्याला इस्टेट सेलमधून, म्हणजे कुणी गेल्यावर घरातलं सामान विकायला काढतात तिथून, उचलून आणलं, आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला हा साधा माणूस आमच्यात कलातज्ज्ञ म्हणून मिरवायला लागला. पॅटिना म्हणजे जुन्या धातूवर चढलेला काळा-हिरवा थर, तोच जुनेपणाचा पुरावा, हे आम्हाला तोंडपाठ झालं होतं.

"मळ आहे मळ," सुनेत्राकाकू आतून म्हणायच्या. बिचारीला दसऱ्यालासुद्धा त्याच्यावरून फडकं फिरवायची मुभा नव्हती.

दोन हजार सहा साली एका म्युझियमने मूर्ती बघायला आपल्या तज्ज्ञ बाई पाठवायचं ठरवलं. पसंत पडली तर मूर्ती तिकडे, आणि खाली पाटी: एकनाथकाकांकडून भेट. अख्खी नोकरी अमेरिकेत करून या माणसाचं नाव मेलबॉक्सशिवाय कुठे लागलं नव्हतं. त्या पाटीसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

बाई यायच्या त्या सकाळी काकू ग्रोसरीला गेल्या आणि काकांना मूर्तीच्या कानात हिरवा डाग दिसला. आता पाहुणे येणार म्हटल्यावर पितळी घासायला बसवणाऱ्या आईचा हा मुलगा. नुसत्या कानाला म्हणून त्यांनी चिंच-मीठ लावलं. कान लखलखला. मग दुसरा कान विजोड दिसायला लागला. मग गाल. मी शेजारून विरजण मागायला गेले तेव्हा स्वारी राक्षसापर्यंत पोचली होती, आणि चेहऱ्यावर कोण आनंद! तेवढ्यात बेल वाजली. राक्षसाचा एक अंगठा तेवढा राहिला.

बाईंनी मूर्ती पाहिली आणि नम्रपणे विचारलं, "नवीन केलेली आहे का?" मग खाली वाकून त्यांनी त्या काळ्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "हे सगळं असं होतं?"

काकांनी मान हलवली. बाईंनी चहा घेतला, चिवड्याचं कौतुक केलं आणि गेल्या.

काका जिन्यावर बसून राहिले. मला वाईट वाटलं. हसूही येत होतं, खोटं कशाला बोलू? काकू परत आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टोचून बोलायची एवढी नामी संधी, पण काकूंनी करंडा आणला आणि द्वारपालाला कुंकू लावलं.

"पाटी लागली असती तर गेलाच असता की हो," त्या म्हणाल्या. "आता राहील घरी."

काका जिन्यावरून उठले. मग चिंचेची वाटी ओढून त्यांनी अंगठा घासायला घेतला.