एका मजकुराच्या दोन पत्रिका

आजी या वयात प्रोग्रामिंगच्या पुस्तकात काय वाचते, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत. क्रमानं सांगते.

वाशीमच्या आपल्या घरासमोर लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, तुम्हाला आठवत असेल. तिथली सून यंदा कॉम्प्युटरच्या क्लासला जाते आणि इंग्रजी अडलं की माझ्याकडे येते. सासऱ्यांनी तिला बजावलं होतं की लग्नसराईत दुकानाला उपयोग दिसला तरच क्लास, नाहीतर बंद.

एका लग्नाच्या पत्रिका दोन निघतात, मुलाकडची आणि मुलीकडची. निमंत्रण देणारे वेगळे, बाकी मजकूर बहुतेक तोच. दुकानाची रीत अशी, की मुलाकडची छापली की त्याच मजकुरात नावं बदलून मुलीकडची करायची. गेल्या वर्षी एक ओळ बदलायची राहिली, आणि आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका मुलीच्या वडिलांनी व्याह्यांच्या नावानं गावभर निमंत्रणं वाटली.

सुनेनं प्रोग्राम लिहिला. मूळ मजकुरात ‘निमंत्रक’ हा शब्द, त्याच्या जागी मुलाच्या वडिलांचं नाव घालायचं. चालवला, तर पडद्यावर मूळ मजकूरच. पुन्हा चालवला, पुन्हा तोच. सासरे मागे उभे होते.

“काहून, तुह्या मशीनले आयकू येत नाई काय?”

तिनं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी वाचून दाखवलं: मजकूर एकदा तयार झाला की बदलत नाही. बदल सांगितला, तर बदललेला नवा मजकूर मिळतो. जुना आहे तसा राहतो. तुम्हाला हे बालवाडीतलं वाटेल. आम्ही दोघींनी मात्र ती ओळ पुन्हा वाचली. मग ती हळूच म्हणाली, “म्हणजे प्रोग्राम नवा मजकूर देऊन राह्यला, काकू. मीच घेत नव्हती.”

तिनं बदल सांगणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘मुलाकडची’ असं नाव आणि बरोबरचं चिन्ह घातलं, म्हणजे नवा मजकूर त्या नावानं जपला जातो, आणि पडद्यावर तोच मागवला. पत्रिका बरोबर आली. कुणी सांगायच्या आत तिनं मूळ मजकुरावरूनच खाली ‘मुलीकडची’ केली. तीही बरोबर.

सासऱ्यांनी पडद्यावर बोट ठेवून दोन्ही वाचल्या. “अन् पहिला मजकूर?”

“तसाच आहे, मामाजी. त्याले हातच नाई लागत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासच्या वेळेला दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून ती घुटमळत होती. सासरे स्वतः काउंटरवर येऊन बसले.

“जाय आता. उशीर होईन,” ते म्हणाले.